आमवात : चुकीच्या निरोपांचा आजार

मराठवाड्यातील एका वाचक बंधूंचे पत्र समोर आहे. वहीच्या पानावर दोन्ही बाजूंनी लिहिलेले. त्यांचे नाव-गाव देत नाही, पण मजकूर देते, कारण असेच प्रश्न आणखी पुष्कळ घरांत असतील.

"ताई, सविनय जयभीम. माझी पत्नी छत्तीस वर्षांची आहे. दोन वर्षांपासून सकाळी तिची बोटे आखडतात. भाकरी थापता येत नाही, नळाची तोटी पिळता येत नाही. दहा-अकरा वाजेपर्यंत जरा मोकळे होते. मोठ्या दवाखान्यात आमवात सांगितला. वर्षभर गोळ्या घेतल्या, थोडा फरक पडला, पण सूज जात नाही. आता डॉक्टर म्हणतात, इंजेक्शन सुरू करू, ते अंगातले एक प्रथिन बंद करते. ताई, तुम्हीच या सदरात लिहिले होते की डाळ, अंडी, शेंगदाणे खा, प्रथिने मिळतात. मग डॉक्टर प्रथिन बंद का करतात? दुसरे असे की, माझ्या आईला तीन वर्षांपूर्वी टीबी झाला होता. आम्ही सगळे एकाच खोलीत राहतो. आई आता बरी आहे. हे डॉक्टरांना सांगितलेले नाही. पत्नी म्हणते, सांगितले तर इंजेक्शन देणार नाहीत. सांगावे का?"

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देऊन टाकते, कारण त्याला थांबायला वेळ नाही. होय, सांगावे. पुढच्या भेटीची वाट न पाहता सांगावे. का, ते पुढे येईलच.

आता प्रथिनाचा प्रश्न. बंधूंची शंका अगदी रास्त आहे. आपण प्रथिन म्हटले की डाळ आणि अंडे एवढेच डोळ्यांसमोर येते. पण खाल्लेली डाळ पोटात पचून तिचे बारीक घटक होतात आणि त्या घटकांतून शरीर स्वतःला हवी ती हजारो प्रकारची प्रथिने घडवते. केस हे प्रथिन, रक्तातले हिमोग्लोबिन हे प्रथिन, इन्सुलिनसुद्धा प्रथिनच. त्यांत एक जात निरोप्यांची आहे. एका पेशीने दुसऱ्या पेशीला धाडलेला निरोप म्हणजे ही प्रथिने. त्यांना सायटोकाईन म्हणतात. हा शब्द २०२० आणि २०२१ मध्ये कोविडच्या काळात आपण सर्वांनी ऐकला. 'सायटोकाईनचे वादळ' असे वर्तमानपत्रे लिहीत होती आणि टोसिलिझुमॅब नावाच्या इंजेक्शनसाठी नातेवाईक शहरभर वणवण फिरत होते. ते इंजेक्शन मुळात कोविडसाठी निघालेले नव्हते. ज्यांच्यासाठी ते बऱ्याच वर्षांपासून वापरात होते, त्यांत आमवाताचे रुग्ण प्रमुख होते.

निरोपाचे काम कसे चालते ते पाहा. वस्तीत रात्री एका झोपडीला आग लागली. जो पहिला पाहतो तो ओरडतो. त्याचे ऐकून शेजारी ओरडतो, मग गल्ली जागी होते. कुणी बादल्या आणतो, कुणी वाळू टाकतो, कुणी शेजारचा पत्रा उपसून काढतो म्हणजे आग पुढे सरकू नये. पत्रा मोडतो, भांडी फुटतात, पण वस्ती वाचते. शेवटी कोणीतरी जाणता माणूस म्हणतो, "विझली, आता घरी जा." शरीरात जंतू शिरला की हेच घडते. पांढऱ्या पेशी निरोप धाडतात, रक्तवाहिन्या सैल होतात, जागा लाल होते, सुजते, ताप येतो. आणि थांबा म्हणणारे निरोपही शरीरातच तयार होतात. हे दोन्ही प्रकार जागेवर असले म्हणजे माणूस आठवड्याभरात उठून कामाला लागतो.

आमवातात आग नसताना ओरडा सुरू होतो आणि 'घरी जा' हा निरोप त्या ओरड्यात बुडून जातो. बादल्या आणि पहारी घेतलेली माणसे रोज त्याच घरात शिरतात. ते घर म्हणजे बोटांचे, मनगटांचे, पायाच्या चवड्यांचे सांधे.

सांध्याच्या आत एक पातळ अस्तर असते. निरोगी माणसात ते नाजूक कापडासारखे असते आणि सांध्याला वंगण पुरवते. आमवातात या अस्तरात पांढऱ्या पेशींची गर्दी होते, अस्तर जाड होते, गोळ्यासारखे फुगते आणि कूर्चा व हाड कुरतडू लागते. हे कुरतडणे ज्यांच्या हुकमाने चालते त्यांत तीन निरोपे मुख्य आहेत : टीएनएफ, इंटरल्युकिन-१ आणि इंटरल्युकिन-६. टीएनएफ म्हणजे ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर. नावात गाठ आहे म्हणून कुणी कर्करोग समजू नये. १९७५ साली न्यूयॉर्कमध्ये लॉइड ओल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना उंदरांच्या गाठी मारणारे एक द्रव्य सापडले, त्यावरून हे नाव पडले ते पडलेच. पुढे १९८५ मध्ये असे दिसून आले की, आजारी जनावराला खंगवणारे म्हणून जे द्रव्य दुसरे शास्त्रज्ञ शोधत होते तेही हेच.

इंटरल्युकिन-६ ची करामत आपल्या भगिनींनी विशेष लक्षात घ्यावी. हे प्रथिन सांध्यात तयार होते, पण रक्तातून यकृतापर्यंत जाते आणि तिथे दोन कामे करवून घेते. एक, यकृत सीआरपी नावाचे द्रव्य सोडते. डॉक्टर रक्त तपासून 'सीआरपी वाढले, ईएसआर वाढला' म्हणतात ते यामुळे. दुसरे, यकृतातून हेप्सिडिन नावाचे द्रव्य निघते आणि ते शरीरातले लोह कोठारात कुलूपबंद करते. लोह असते, पण रक्त बनवायला मिळत नाही. म्हणून आमवात झालेल्या कित्येक बायका महिनोन्‌महिने लोहाच्या गोळ्या खातात आणि हिमोग्लोबिन वर चढत नाही. घरचे म्हणतात, गोळ्या नीट घेत नाही. अंग मोडून येते, दुपारी डोळे मिटतात, कामाला हात लागत नाही. त्याला आळस म्हटले जाते. सासूच म्हणते असे नाही, आईही म्हणते. ही मरगळ आळशीपणाची नसून निरोप्यांची आहे, हे रक्ताच्या कागदावर दिसते. तो कागद घरात वाचून दाखवावा.

आपल्याच शरीरावर आपलीच प्रतिकारशक्ती उलटेल, ही कल्पना शास्त्रज्ञांनाही सहज पचली नाही. जर्मनीचे पॉल एहर्लिख यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी म्हटले की शरीर असे स्वतःवर विष ओतणे टाळते. त्यांचे म्हणणे बहुतांशी खरेही आहे, परंतु ते टाळणे कधी कधी फसते, ही गोष्ट स्वीकारायला पुढची पन्नासेक वर्षे गेली.

मग कुठला निरोप्या पकडायचा, असा पेच होता. सांध्याच्या पाण्यात तर डझनभर निरोपे सापडत होते. १९८० नंतरच्या दशकात बहुतेकांचे मत असे की एकाला धरून उपयोग नाही, दुसरा त्याचे काम करील. लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी हे दोघे या प्रश्नामागे लागले होते. मैनी हे मूळचे आपल्या पंजाबातले, १९३७ साली लुधियाना येथे जन्मलेले, युगांडात वाढलेले आणि पुढे इंग्लंडमध्ये वैद्य झालेले. शस्त्रक्रियेत रुग्णांच्या सांध्यातून काढलेले अस्तर त्यांच्या प्रयोगशाळेत काचेच्या ताटलीत जिवंत ठेवले जाई. त्या ताटलीत निरोपे आपोआप तयार होत राहत. १९८९ साली फिओनुला ब्रेनन या संशोधिकेसह त्यांनी दाखवले की, ताटलीत टीएनएफला बांधून टाकणारे प्रतिपिंड घातले की इंटरल्युकिन-१ तयार होणेही थांबते. म्हणजे सगळे निरोपे एका पातळीवरचे नव्हते. टीएनएफ वर बसून हुकूम सोडत होता, बाकीचे खालून त्याची री ओढत होते. आमच्या वॉर्डात मुख्य सिस्टर रजेवर गेल्या की जो गोंधळ किंवा जी शांतता होई, ती आठवून मला हा प्रयोग चटकन समजला.

ताटलीत जमले म्हणजे माणसात जमेल असे नाही. १९९२ मध्ये लंडनच्या चेअरिंग क्रॉस रुग्णालयात वीस रुग्णांना हे औषध शिरेतून दिले गेले. सगळे असे की, ज्यांना बाकीची औषधे लागू पडली नव्हती. काही दिवसांतच फरक दिसू लागला. सूज उतरण्याच्या आधीच मरगळ गेली, असे रुग्णांनी सांगितले. मात्र काही आठवड्यांनी औषधाचा असर ओसरला आणि दुखणे परतले. पुन्हा औषध दिले, पुन्हा बरे वाटले. यातून दोन गोष्टी कळल्या : नेम बरोबर बसला आहे, आणि हा रोग मुळासकट जात नाही.

पण आपल्याकडे बुवासुद्धा बरे वाटल्याचे दाखले देतात. म्हणून पुढची पायरी महत्त्वाची. १९९४ साली ७३ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. काहींना औषध दिले, काहींना नुसते पाणी, आणि कोणाला काय दिले हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. चार आठवड्यांनी मोठी मात्रा मिळालेल्या २४ पैकी १९ जणांना ठरावीक मोजमापाने आराम पडला होता. पाणी मिळालेल्या २४ पैकी अवघ्या दोघांना. अंगाऱ्याने बरे वाटले म्हणणाऱ्याला विचारावे, तुमच्या चोविसांपैकी किती, आणि ज्यांना साधी राख दिली त्यांच्यापैकी किती? हिशेब कोणी देत नाही.

ते औषध म्हणजे इन्फ्लिक्सिमॅब. त्यानंतर एटानरसेप्ट आणि अडालिमुमॅब आली. जपानमध्ये तादामित्सु किशिमोतो यांनी इंटरल्युकिन-६ चा माग काढला होता, त्यातून टोसिलिझुमॅब निघाले. फेल्डमन आणि मैनी यांना २००३ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला.

आता बंधूंच्या पत्रातील टीबीकडे येते. टीएनएफ हा काही खलनायक नव्हे. शरीराने तो आपल्या भल्यासाठीच ठेवला आहे. टीबीचा जंतू पुष्कळांच्या फुप्फुसात शिरतो, पण सर्वांना टीबी होत नाही, कारण पांढऱ्या पेशी त्या जंतूंभोवती दाट कोंडाळे करून त्यांना आत डांबून ठेवतात. जंतू मरत नाही, निपचित पडून राहतो. माणसाला खोकला नाही, ताप नाही, त्याला पत्ताही नसतो. या पेशींना आपापल्या जागी उभे राहायला सांगणारा निरोप्या कोण? तर टीएनएफ. त्याला बंद केले की कोंडाळे सैल होते आणि डांबलेला जंतू मोकळा सुटतो.

हे पुस्तकी भय नाही. २००१ साली अमेरिकेतून आलेल्या अहवालात इन्फ्लिक्सिमॅब घेतलेल्यांत टीबीचे ७० रुग्ण नोंदले गेले. त्यांतील ४८ जणांना तीन किंवा त्याहून कमी डोस झाल्यावरच टीबी झाला, आणि ४० जणांना तो फुप्फुसाबाहेर झाला होता, म्हणजे खोकल्याने ओळखता येईल असा नाही. तेव्हापासून नियम झाला की हे इंजेक्शन देण्यापूर्वी टीबीची तपासणी केलीच पाहिजे. छातीचा फोटो, हातावरची मँटू चाचणी किंवा रक्ताची 'इग्रा' चाचणी. पण यातही एक मेख आहे. रुग्ण आधीपासून स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेत असेल तर हातावर फोड येत नाही आणि चाचणी खोटी 'नाही' म्हणू शकते. अशा वेळी डॉक्टरांजवळ एकच खात्रीचा धागा उरतो, तो म्हणजे घरात कुणाला टीबी होता का या प्रश्नाचे खरे उत्तर.

आणि आपण तेच दडवतो. वॉर्डात मी हे किती वेळा पाहिले! मुलीचे लग्न व्हायचे आहे, चाळीत कुजबुज होईल, कामावरून काढतील, म्हणून टीबीचे कार्ड ट्रंकेच्या तळाशी जाते. समजू शकते. परंतु या बाबतीत दडवलेली गोष्ट त्या बाईच्याच जिवावर बेतू शकते.

शिवाय भीती अनाठायी आहे. टीबीचा संपर्क सांगितला तर इंजेक्शन कायमचे नाकारले जाते, असे नाही. निपचित जंतू आहे असे वाटले तर आधी त्यावरच्या गोळ्या देतात, आयसोनियाझिड साधारण सहा महिने किंवा कमी मुदतीचा दुसरा गोळ्यांचा क्रम, आणि बहुधा पहिला महिना झाल्यावर इंजेक्शन सुरू करता येते. कुठले इंजेक्शन निवडायचे यातही फरक पडतो. एटानरसेप्टने टीबी उठण्याचा धोका बाकीच्या दोहोंपेक्षा कमी दिसून आला आहे. ही निवड डॉक्टरांची, पण ती करायला त्यांना माहिती तर हवी.

एकच निरोप्या सगळ्या आजारांत दोषी असतो असेही नाही. ल्युपस नावाचा आजार आहे, त्यात गालांवर लाल चट्टे येतात, मूत्रपिंडे बिघडतात, आणि दहा रुग्णांत नऊ स्त्रिया असतात. तिथे कांगावा करणारा म्हणजे इंटरफेरॉन. १९५७ साली लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमन यांनी त्याला विषाणूंचा वैरी म्हणून शोधले होते. मेंदू-मज्जारज्जूच्या मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारातही टीएनएफ वाढलेला दिसतो म्हणून तिथे तो अडवून पाहिला, तर १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रुग्णांचे झटके वाढले. म्हणून शेजारणीला लागू पडलेले इंजेक्शन आपल्याला द्या म्हणून डॉक्टरांच्या मागे लागू नये.

आता थोडे घरचे. माझी थोरली बहीण, आम्ही तिला आक्का म्हणतो. १९८७ च्या सुमारास तिची बोटे धरू लागली. मी तेव्हा नोकरीत होते, परिचारिकेचा गणवेश घालत होते, आणि मी तिला काय सांगितले? "आक्का, गरम पाण्यात हात बुडव, बाम चोळ, धुण्याभांड्याने होतं असं." आजही ते आठवले की मान खाली जाते. पुढे ती एका वैद्य म्हणवणाऱ्याकडे पुड्या आणायला जाऊ लागली. पहिल्या पुडीत आराम! ती भाकऱ्या थापू लागली, सगळे खूश. चार महिन्यांत तिचा चेहरा चंद्रासारखा गोल झाला, साखर वाढली, पुढे मणका खचला. पुडीत स्टेरॉइड होते. स्टेरॉइड हे काही विष नाही, डॉक्टर मोजून-मापून, थोड्या दिवसांसाठी ते देतात आणि ते सगळ्याच निरोप्यांची तोंडे एकदम दाबते. पण न सांगता, न मोजता, वर्षानुवर्षे दिले की हाडे पोकळ होतात आणि एकदम बंद केले तर माणूस कोसळतो. आक्का आज सत्तरी ओलांडलेली आहे. चहाचा पेला ती दोन्ही तळव्यांत धरते, कारण बोटे वळत नाहीत. ज्यांच्या घरात अशा पुड्या चालू आहेत त्यांनी त्या आजच्या आज फेकू नयेत. पुडी घेऊन सरकारी दवाखान्यात जावे आणि डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे हळूहळू कमी करावे.

आक्काच्या वेळी हाताशी असायला हवे होते ते औषध स्वस्त होते आणि आजही आहे. मेथोट्रेक्झेट. आमवाताच्या उपचाराचा पाया आजही तेच आहे. इंजेक्शनचा विचार त्याने भागले नाही तर करतात, आणि पुष्कळांचे त्यानेच भागते. या गोळीविषयी एक गोष्ट भिंतीवर लिहून ठेवा : ती आठवड्यातून एकदाच घ्यायची. रोज नाही. रोज घेतली तर तोंडात फोड येतात, रक्तातील पेशी बनणे थांबते, माणूस दगावतो. चिठ्ठी इंग्रजीत असते, औषधवाला घाईत असतो, आणि घरात 'गोळी रोज एक' हीच सवय. म्हणून वार ठरवावा, कॅलेंडरवर खूण करावी, आणि घरातल्या शाळकरी मुलालाही तो वार पाठ करवावा. सोबत फॉलिक ॲसिडची गोळी डॉक्टर सांगतील त्या दिवशी. घरात दारू असेल तर ती या औषधाबरोबर यकृताला भारी पडते. मूल हवे असेल तर आधीच डॉक्टरांशी बोलावे, कारण ही गोळी चालू असताना गर्भ राहता कामा नये आणि ती काही महिने आधी थांबवावी लागते. गरोदरपणात पुष्कळ जणींचा आमवात आपोआप शांत होतो आणि बाळंतपणानंतर उसळतो. तेव्हा "बाळंतपणात वारा लागला" असे म्हणून दिवस घालवू नयेत.

पैशाचे बोलल्याशिवाय हे सदर पुरे होत नाही. ही इंजेक्शने जिवंत पेशींकडून बनवून घेतात, म्हणून महाग. डिसेंबर २०१४ मध्ये अहमदाबादच्या झायडस कॅडिला कंपनीने अडालिमुमॅबची तशीच आवृत्ती मूळ औषधाच्या साधारण पाचव्या भागाइतक्या किमतीला बाजारात आणली. तशी ती जगातली पहिली. तरीही रोजंदारीवरच्या घराला ती परवडत नाही, हे मला ठाऊक आहे. टोफासिटिनिब नावाची गोळी निघाली आहे. ती निरोपाला वाटेत अडवत नाही, तर निरोप पेशीच्या दारात पोहोचल्यावर आतली घंटा वाजू देत नाही. भारतीय कंपन्या ती बनवतात आणि इंजेक्शनपेक्षा ती पुष्कळ स्वस्त पडते. पण तिच्याआधीही टीबीची तपासणी लागतेच, तिने नागीण उठू शकते, आणि पन्नाशी ओलांडलेल्या, विडी-सिगारेट ओढणाऱ्या किंवा हृदयविकार असलेल्या रुग्णांना ती देताना डॉक्टर दहादा विचार करतात. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षकांची खोली असते. तिथे रेशनकार्ड घेऊन जावे, संकोच करू नये. कोणत्या योजनेतून काय मिळेल ते तिथे विचारावे, मिळेल ते लेखी घ्यावे.

हा आजार किती जणांना असतो? पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी सुरू केली. खेड्यातल्या प्रौढांत दर दोनशेत साधारण एकाला आमवात, असे तिथले प्रमाण निघते. हजार प्रौढांच्या वस्तीत चार-पाच जण, आणि त्यांत बायका दुप्पट-तिप्पट. म्हणजे आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत एखादी आहेच. ओळखावे कसे? सकाळी आखडलेपण अर्धा तास ते तासभर टिकते, बोटांचे मधले आणि मुळाचे सांधे सुजतात, दोन्ही हातांचे सारखे, आणि हे सहा आठवड्यांहून अधिक चालते. म्हातारपणाची गुडघेदुखी ती निराळी. शंका आली तर आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या रक्ततपासण्या आहेत. सुरुवातीच्या महिन्यांत औषध मिळाले तर बोटे वाचतात. हाड एकदा कुरतडले गेले की कुठलेही इंजेक्शन ते भरून देत नाही.

कारण विचाराल तर थोडे आनुवंशिक, थोडे बाहेरचे. धूम्रपान हे बाहेरच्यांतले ठळक. विडीच्या धुराने फुप्फुसातील काही प्रथिनांचे रूप पालटते आणि पांढऱ्या पेशींना ती परकी वाटू लागतात. रक्तात ही चुकीची प्रतिपिंडे सांधे दुखण्याच्या कित्येक वर्षे आधीपासून सापडू शकतात. हिरड्यांच्या जुन्या रोगाशीही आमवाताचे नाते दिसून आले आहे, तेव्हा मिश्रीने दात घासणाऱ्या मावश्यांनी हिरड्या एकदा दाखवून घ्याव्यात. चिंच, दही, वांगे, बटाटा यांचा मात्र दोष नाही. बिचाऱ्या बायकांचे आंबट-तिखट तोडून त्यांना आणखी अशक्त करू नका. करणी, नजर, मागच्या जन्मीचे पाप या गोष्टींवर शाई खर्च करीत नाही.

तर बंधू, तुमच्यासाठी. आईचे टीबीचे उपचार कार्ड शोधा. सापडले नाही तर ज्या केंद्रातून गोळ्या घेतल्या तिथे नोंद असते. ते, पत्नीच्या सगळ्या चिठ्ठ्या, आणि मधल्या काळात कुणाच्या पुड्या घेतल्या असतील तर त्याही पिशवीत घाला आणि दोघे मिळून जा. डॉक्टरांना तीन गोष्टी स्पष्ट विचारा : टीबीची कोणती तपासणी करणार, गोळ्यांची मात्रा वाढवून पाहून झाली आहे का, आणि इंजेक्शन किती महिने चालेल व त्याचा खर्च कोण देईल. इंजेक्शन सुरू झाल्यावर ताप, वजन घटणे, मानेत गाठ, रात्रीचा घाम यांपैकी काही दिसले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. पत्नीला सांगा, मी सांगितले म्हणून सांगितले असे म्हणा, राग माझ्यावर येऊ द्या. तपासणीचे काय निघाले ते मला कळवा. आणि तोवर सकाळच्या भाकरीचे पीठ तुम्ही मळा, नळाची तोटी मुलांनी पिळावी.